दोन लोकरींचा सूर्य

जेकशेनचे डोळे गेले तेव्हा चोन-आर्चा गावाने एकमताने ठरवून टाकलं, की ते सूर्याने नेले. जो माणूस उभा जन्म वरच्या वेधशाळेत बसून सूर्याच्या तोंडाकडे बघत राहिला, त्याचं दुसरं काय होणार? जेकशेन म्हणायचा, "अरे बाबांनो, काचबिंदू झालाय मला. सूर्याचा काय संबंध?" कुणी ऐकत नसे. काचबिंदू कुणालाही होतो. सूर्याने डोळे नेलेला माणूस सगळ्या खोऱ्यात एकच. गावाला तो हवा होता.

त्याची बायको साल्किन या वादात पडली नाही. तिला लोकर पिंजायची होती.

साल्किन खालच्या खोऱ्यातली. तिच्या माहेरी मुली आधी लोकर ओळखायला शिकतात आणि मग माणसं, असं म्हणतात. कोकराची पहिली लोकर कोणती, म्हाताऱ्या मेंढ्याची कोणती, उन्हाळ्यात कातरलेली कोणती, हे तिला डोळे मिटून सांगता यायचं. सून होऊन ती वर आली तेव्हा तिच्याबरोबर एक पेटी होती, तीन कात्र्या होत्या आणि जेमतेम अठरा वर्षांचं वय होतं. नवऱ्याचं नाव घ्यायचा रिवाज नाही. ती त्याला म्हातारबुवा म्हणायला लागली. तेव्हा त्याला मिशीही धड फुटली नव्हती.

पहिल्याच उन्हाळ्यात तो तिला वेधशाळेत घेऊन गेला. अंधारी खोली. भिंतीवरच्या फटीतून ऊन आत येत होतं आणि पलीकडच्या पांढऱ्या पाटीवर रंगांचा लांब पट्टा होऊन पडत होतं. पट्ट्यात काळ्या रेघा होत्या. केसासारख्या बारीक.

"ही रेघ बघ," जेकशेन म्हणाला. त्याने बाजूचं चाक जरासं फिरवलं. "आता फटीवर सूर्यावरचा डाग येतोय. बघत राहा."

रेघ मधोमध फुगली. मग उकलली. एकीच्या दोन झाल्या.

"असं का झालं?"

"तिथे ओढ आहे म्हणून."

वेधशाळेत त्याला चुंबकीय क्षेत्र म्हणत. घरी जेकशेन नुसतं ओढ म्हणायचा. सूर्यातून न दिसणारे धागे बाहेर येतात, वर कमान घेतात आणि दुसरीकडे परत आत जातात, असं त्याने तिला सांगितलं. बाहेर येतात ती जागा नकाशात पांढरी दाखवायची. आत जातात ती काळी.

साल्किनने थोडा विचार केला. "म्हणजे जेवढं पांढरं, तेवढंच काळं?"

"तेवढंच. बाहेर आलेला धागा कुठेतरी आत जायलाच हवा."

"मग हा आमचा शिरदाक झाला की!"

त्याला कळलं नाही. तिने घरी येऊन दाखवलं. शिरदाक म्हणजे लोकरीचं नक्षीदार जाजम; ते करताना पांढऱ्या नमद्यावर काळा नमदा ठेवतात. नमदा म्हणजे गरम पाण्यात मळून, गुंडाळून, तुडवून घट्ट केलेली लोकर. वर खडूने नक्षी काढतात आणि दोन्ही थर एकदमच कापतात. मग पांढऱ्यातून निघालेले तुकडे काळ्यात बसवायचे, काळ्यातून निघालेले पांढऱ्यात. शिवणीवर दोरा फिरवायचा. एका कापणीत दोन शिरदाक होतात. एकात जिथे पांढरं, तिथे दुसऱ्यात काळं. काही वाया जात नाही, काही उरत नाही.

जेकशेन दोन्ही तुकडे हातात घेऊन कितीतरी वेळ उभा होता. "तुला हे कुणी शिकवलं?"

"मेंढ्यांनी," साल्किन म्हणाली. "चला, चहा निवतोय."

*

दर अकरा वर्षांनी सूर्य पालटतो. त्याच्या वरच्या टोकाला पांढरं असतं तिथे हळूहळू काळं येतं, आणि खालच्या टोकाला काळं असतं तिथे पांढरं. बाहेरून काही दिसत नाही. ऊन तसंच पडतं, जर्दाळू तसेच पिकतात. जेकशेनने चार पालटणी पाहिली होती आणि साल्किनचा संसार त्या चार पालटण्यांनी मोजता आला असता. पहिलं, ती या घरात आली त्या सुमाराला. दुसऱ्या वेळी देशच पालटला. वेधशाळेचे पगार थांबले आणि दोन हिवाळे त्यांनी बटाटे खाऊन काढले. जेकशेन तरीही रोज सकाळी वर चढून जायचा. "पगार नाही तर जाता कशाला?" असं तिने विचारलं तर म्हणाला, "सूर्याला कुठे पगार मिळतो?" तिसऱ्या वेळी थोरलीचं लग्न झालं. चौथ्या वेळी तो निवृत्त झाला, पण त्यानंतरही वर जातच राहिला. डोळे जाईपर्यंत.

डोळे गेले तो हिवाळा साल्किनला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की घरात आवाज नव्हता. जेकशेन चुलीशी बसायचा. समोर ठेवलं ते खायचा. शेजारची बुरुल एकदा आली, ताजी तळलेली बोरसोकं, कणकेचे फुगलेले तुकडे, घेऊन. बुरुलची जीभ म्हणजे सुरी.

"काय जेकशेन-आके, सूर्याने डोळे नेले ते नेले, जीभ पण नेली का?"

तो हसला नाही. साल्किनला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

वसंतात वरून बेगायिम आली. बेगायिम त्याच्या हाताखाली शिकलेली मुलगी. आता तीच वेधशाळा सांभाळायची. तिने त्या महिन्याचा सूर्याचा नकाशा छापून आणला होता. पांढरा-काळा. ती त्याच्याजवळ बसून तो वाचून दाखवायला लागली. "आके, वरच्या बाजूला मधल्या रेषेपासून थोडं डावीकडे एक जोडी आहे. पुढचा डाग पांढरा, मागचा काळा. त्याच्या खाली..."

"पुरे," जेकशेन म्हणाला. "मला भाषण नको. नकाशा दे."

बेगायिमने कागद त्याच्या हातात दिला. त्याने त्यावरून बोटं फिरवली. गुळगुळीत कागद. त्याने तो परत केला आणि भिंतीकडे तोंड केलं.

बेगायिम डोळे पुसत बाहेर गेली. साल्किनने कागद उचलला. खिडकीशी जाऊन पाहिला. मग पेटी उघडून कात्री काढली.

पांढरं तिने कोकराच्या लोकरीचं केलं, ओठांसारखं मऊ. काळं म्हाताऱ्या मेंढ्याच्या लोकरीचं, खरबरीत. भाकरीच्या परातीएवढा गोल. शिवून झाल्यावर काही न बोलता तिने तो नवऱ्याच्या मांडीवर ठेवला.

त्याची बोटं आधी कडेने फिरली. मग आत आली. एका ठिकाणी थबकली. मऊ, त्याला लागून खरबरीत. पुन्हा मऊ, पुन्हा खरबरीत.

"इथे जोडी आहे," तो म्हणाला.

"असेल."

"हिच्या मागे अजून एक आहे. लहान." त्याचा आवाज चढला. "अगं म्हातारे, ही तर फुटतेय! हिचे दोन तुकडे होतायत!"

"ओरडू नका. कोंबड्या घाबरतात."

त्या दिवशी जेवताना त्याने मीठ मागितलं. साल्किनने ते देताना पाठ फिरवली, कारण तिला चेहरा लपवायचा होता. मग तिच्याच लक्षात आलं, की आता त्याची गरज नाही.

*

सूर्य स्वतःभोवती एक फेरी घेतो तेवढ्या काळात साल्किनचा एक सूर्य तयार व्हायचा. बेगायिम कागद आणायची. साल्किन कापायची. कापणीत जुळा आपोआप निघायचाच. खरा जेकशेनच्या मांडीवर जायचा. उलटा कुणालातरी दिला जायचा. खुर्चीवर टाकायला, खोगिराखाली घालायला, म्हातारीच्या गुडघ्याखाली ठेवायला. गावात म्हणत, "आम्ही सगळे उलट्या सूर्यावर बसतो, म्हणून आमचं काही सरळ होत नाही."

दुपारी ती लोकर मळत असताना तो बोलायचा. बोटं मांडीवरच्या सूर्यावर, तोंड खिडकीकडे. ऊन लागतं तिकडे.

ओढ काही सूर्याचीच नाही, तो म्हणायचा. प्रत्येक ताऱ्याला आहे. काही तारे मरून गावाएवढे उरलेत. त्यांची ओढ इतकी, की तिथे अणूसुद्धा गोल राहत नाहीत. शेवईसारखे ताणले जातात. आणि ताऱ्यांच्या मधे जो काळोख आहे ना, तो रिकामा नाही. तिथे धूळ आहे. तिचे कण ओढीच्या रोखाने कलून राहतात, वाऱ्यापुढे गवत कलतं तसे. लांबच्या ताऱ्याचा उजेड त्या धुळीतून येताना थोडासा विंचरला जातो. आपण इथे बसून तो विंचरलेला उजेड बघतो आणि म्हणतो, अच्छा, तिथे धागे असे पसरलेत तर.

"आणि त्याच्याही पलीकडे?"

"आकाशगंगेच्या बाहेर? तिथेही आहे. फार फार बारीक."

साल्किन गरम पाणी ओतायची. वाफ वर जायची. ओल्या लोकरीचा वास घरभर व्हायचा. तिला वाटायचं, आपण दोघं एका मोठ्या नमद्याच्या आतच बसलोय. त्याची कड कुठेच दिसत नाही.

"पहिला धागा कुणी काढला?" तिने एकदा विचारलं.

"कुणालाच माहीत नाही."

"एवढी माणसं शिकली, आणि कुणालाच नाही?"

"कुणालाच नाही. एवढंच ठाऊक आहे, की सुरुवातीला जी काही ओढ होती ती अगदी नखाएवढी असणार. मग आतला तापलेला रस घुसळत गेला, पीळ पडत गेले आणि ओढ वाढत गेली."

"हां. मळली."

"काय?"

"लोकर नुसती टाकून ठेवली तर धरत नाही. गरम पाहिजे आणि मळायला पाहिजे. मग एका केसात दुसरा अडकतो."

जेकशेन हसायला लागला. "म्हातारे, तू वर यायला हवी होतीस कामाला."

"आणि मग तुम्हाला जेवायला कुणी घातलं असतं? सूर्याने?"

*

पाचवं पालटणं जवळ येत होतं. जेकशेनने बेगायिमला समोर बसवलं.

"ऐक पोरी. चार वेळा मी ते डोळ्यांनी पाहिलं. या वेळी बोटांनी कळलं पाहिजे. मला कुणी काही सांगायचं नाही. तू नाही, म्हातारी नाही. कागद आणायचा आणि तोंड शिवून ठेवायचं."

"आके, अख्ख्या जगात बातमी होईल हो."

"होऊ दे. या घरात माझ्या हातून होईल."

बेगायिमने साल्किनकडे पाहिलं. साल्किनने मान डोलावली. म्हणजे आता सूर्याच्या आणि या माणसाच्या मधे फक्त तिची कात्री. तिने जे कापलं तेच खरं.

तेव्हापासून ती प्रत्येक कागद शिवण्याआधी पाहायची आणि शिवल्यावर पाहायची. हा खरा, हा उलटा. हा इकडे, हा तिकडे.

फक्त एकदा तिने पाहिलं नाही.

बुरुलला नातू झाला होता. पाळण्याचा समारंभ दुसऱ्या दिवशी होता आणि बुरुल दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. "साल्किन-एजे, पाळण्यात टाकायला एक सूर्य द्या म्हटलं होतं ना! का पोराला गवतावर झोपवू?" साल्किनने शेवटचा टाका घातला. दोन गोल एकमेकांवर पडले होते. वरचा बुरुलने उचलला आणि ती आशीर्वाद देत, हसत, धावत निघून गेली. उरलेला साल्किनने झटकला आणि नवऱ्याला दिला.

ती दूध तापवत होती. मागून काहीच आवाज येईना. तिने वळून पाहिलं.

जेकशेनचा हात सूर्याच्या वरच्या टोकावर होता. हलत नव्हता.

"पालटला," तो म्हणाला.

"काय?"

"खरबरीत आहे. वर, अगदी टोकाला. मागच्या खेपेला मऊ होतं. आणि खाली..." हात खाली गेला. "खाली मऊ. दोन्ही टोकं पालटली. एकाच फेरीत! असं कधी झालं नव्हतं!"

तो उठला. भिंतीला धरत दारापर्यंत गेला आणि बाहेर अंगणात ओरडला, "पालटला रे! सूर्य पालटला!" रस्त्याने जाणाऱ्या मेंढपाळाने घोडा थांबवला, चांगली बातमी सांगितली म्हणून रिवाजाप्रमाणे खिशातली सफरचंदं काढून त्याच्या हातात दिली आणि नेमकं काय झालं हे न विचारताच पुढे गेला. जेकशेनने तिथूनच फोन केले. मेंढा कापू म्हणाला. रविवारी सगळ्यांनी यायचं, वेधशाळेतल्यांनी, गावातल्यांनी. बेगायिमलाही फोन केला. ती पलीकडून नुसतं "हं... हं आके" म्हणाली.

साल्किनला आनंद झाला. खराच झाला. तो आनंद आपणही डोळे भरून पाहावा म्हणून तिने फळीवरचा कागद काढला आणि खिडकीशी धरला.

कागदावर वरचं टोक अजून पांढरं होतं.

तिने कागद उलटा करून पाहिला. मग सुलटा. मग जेकशेनने आत ठेवून दिलेल्या सूर्याकडे पाहिलं. चुलीवर दूध उतू गेलं.

*

बेगायिम दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. साल्किन तिला गोठ्यामागे घेऊन गेली.

"आपा, आके कसला फोन करत होते? पालटलेलं नाहीये हो काही!"

"मला माहीत आहे. जुळा गेला त्यांच्या हातात. खरा बुरुलकडे आहे."

बेगायिम कपाळाला हात लावून गवताच्या भाऱ्यावर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "आपा, राहू द्या."

"म्हणजे?"

"चार-सहा महिन्यांत पालटणारच आहे. तोवर मी कागद घेऊन येत नाही. यंत्र बिघडलंय म्हणून सांगते. मग जे आज खोटं आहे ते आपोआप खरं होईल. त्यांना कधीच कळणार नाही. रविवारी लोक येतील, मी सांगून ठेवते सगळ्यांना, कुणी बोलणार नाही. कशाला दुखवायचं?"

आतून जेकशेनचं गाणं ऐकू येत होतं. तो गात असे तेव्हा कुत्रं उठून लांब जाऊन बसायचं. किती वर्षांनी गात होता तो!

किती सोपं होतं. काही करायचंच नव्हतं. सूर्यच येऊन तिची चूक पुसून टाकणार होता.

पण मग त्याच्या बोटांखाली काय उरणार होतं? आज एक उलटा सूर्य. उद्या तिने खरा दिला तरी तिला माहीत असणार, की हा माणूस चुकीच्या पायरीवर उभा राहून पुढची पायरी मोजतोय. आणि तो हात फिरवत राहणार, आंधळेपणाने. आतापर्यंत तिने हा शब्द त्याच्यासाठी मनातसुद्धा वापरला नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "तू घरी जा."

जेकशेन अंगणात मेंढ्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. किती चरबी आहे ते पाहत होता. साल्किन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"म्हातारबुवा, तो सूर्य उलटा आहे."

"हो ना! सांगतोय काय मी!"

"तसं नव्हे. मी तुम्हाला जुळा दिला. घाईत. खरा पाळण्यात गेला, बुरुलकडे. सूर्य पालटलेला नाही."

मेंढा ओरडला, कारण जेकशेनच्या मुठीत त्याची लोकर आवळली गेली होती.

त्याने मूठ सोडली. मग बोलला तेव्हा आवाज अगदी हळू होता. "मी गावभर सांगितलं."

"हो."

"मी ती टोकं दहादा चाचपली. मला वाटलं, असं एकाच फेरीत होत नाही. वाटलं होतं मला. पण मी म्हटलं, म्हातारीने कापलंय, म्हणजे असेल."

साल्किनला वाटलं, त्याने ओरडावं. काठी फेकावी. तो ओरडला नाही. "याआधी कितीदा?" त्याने विचारलं.

"एकदाही नाही."

"तुला कसं कळणार?"

साल्किन वर बघत राहिली. पर्वताच्या शिखरावर वेधशाळेचा घुमट उन्हात चमकत होता.

"चल," तो अखेर म्हणाला.

"कुठे?"

"बुरुलकडे. माझा सूर्य बघायला."

*

बुरुलच्या घरी पाळण्यात बाळ झोपलं होतं, पट्ट्यांनी नीट बांधलेलं. घरात आर्चाचा पाला जाळल्याच्या धुराचा वास होता. बुरुलने सगळं ऐकून घेतलं आणि तिचा चेहरा पडला. तिचा चेहरा पडलेला साल्किनने यापूर्वी पाहिला नव्हता.

"आके, आता काय सांगू? मधे भोक पाडलंय."

"कुठे भोक?"

"सूर्याला. बाळाच्या भांड्यासाठी. पाळण्याला मधे भोक असतं, मग गादीलाही हवंच की! तिथून खाली मातीचं भांडं असतं. आता पोर मुतणार नाही का?"

जेकशेनच्या गालाचा एक स्नायू हलला. मग दुसरा. मग तो भिंतीला टेकून हसायला लागला. असा हसला, की त्याला खाली बसावं लागलं. "बुरुल," तो दम घेत म्हणाला, "आम्ही इतकी वर्षं डाग डाग म्हणून मोजत बसलो. खरा डाग तू पाडलास!"

"बाळाला उचलू का?"

"नको, उठेल. टोकांना हात लागला की झालं."

तो गुडघ्यांवर बसला. बाळाच्या डोक्याखालून त्याने बोटं आत सरकवली. बोटं अगदी सावकाश फिरत होती. बाळाचा श्वास आणि ती बोटं, दोन्ही एकाच लयीत चालल्यासारखी वाटत होती.

"मऊ आहे," तो पुटपुटला. "आहे अजून. पण..." बोटं थांबली. "कडेने खरबरीत वर चढतंय. इथून एक जीभ आलीय. इथून एक. मऊ फार थोडं उरलंय." त्याने हात अलगद बाहेर काढला. "चार वेळा मी नुसतं झालेलं पाहिलं गं. होताना पाहायचं राहून गेलं होतं."

रविवारी लोक आले. बोलावलेल्या पाहुण्याला परत पाठवायची रीत नाही, म्हणून मेंढा गेलाच. जेकशेनने ताटापुढे उभं राहून सगळ्यांना सांगितलं, "मंडळी, सूर्य पालटलेला नाही. माझ्या म्हातारीने पालटला. जेवा!" लोक हसले. साल्किनही हसली. पण तो हसताना तिच्याकडे वळला नाही, हे एकट्या तिला दिसलं.

त्यानंतर तो प्रत्येक सूर्य घेताना विचारायचा, "पाहिलास ना?" ती म्हणायची, "पाहिला." तो मान हलवायचा आणि दुसऱ्यांदा कडेपासून सुरुवात करायचा. आधी असं करत नसे. साल्किन लोकर मळत राहिली. जोर देऊन.

*

पानगळीत बेगायिमने जो कागद आणला, तो पाहून साल्किन चक्रावली. वरचं टोक काळं होतं. खालचं टोकही काळंच होतं.

जितकं पांढरं तितकंच काळं, हे तिला ठाऊक होतं. पण वर काळं असेल तर खाली पांढरं, हे तिने लग्न झाल्यापासून ऐकलं होतं. दोन्ही टोकांना एकच लोकर? तिने बेगायिमला फाटकाशी गाठलं.

"हा बरोबर आहे?"

बेगायिमने ओठ मिटून मान हलवली. हो. पुढे काही बोलायची तिला बंदी होती.

साल्किन कात्री घेऊन बसली. हात उचलेना. हा सूर्य मांडीवर गेला की जेकशेन म्हणणार, म्हातारीने पुन्हा घोळ घातला. खालचा तुकडा उलटा शिवला. एकदा चूक केलेल्या हाताने असला विचित्र सूर्य कापला, तर कोण विश्वास ठेवणार? खालचं टोक पांढरं केलं तर त्याला काही खटकणार नाही. सगळं शोभून दिसेल.

तिने चहा केला. तो तसाच निवू दिला. मग खडू घेतला आणि कागदावर जसं होतं तसं काढलं. जसं काढलं तसं कापलं. जसं कापलं तसं शिवलं.

दुपारचं ऊन खिडकीतून जेकशेनच्या गुडघ्यांवर आलं होतं. तिने सूर्य तिथे ठेवला आणि समोर बसली. हात मांडीवर घट्ट धरून.

बोटं कडेने फिरली. वर गेली. थांबली. वर खरबरीत होतं. त्याच्या भुवया उंचावल्या, पण तो ओरडला नाही. बोटं सावकाश खाली उतरली. मधले डाग, जोड्या, फुटलेले तुकडे. मग खालचं टोक. तिथेही खरबरीत.

तो पुन्हा वर गेला. पुन्हा खाली आला.

बाहेर कुणीतरी घोडा घेऊन गेलं. टापा ऐकू आल्या, मग थांबल्या.

"दोन्हीकडे काळं आहे," जेकशेन म्हणाला.

"हो."

"एक पालटलं. दुसरं अजून वाट बघतंय."

साल्किनने मांडीवरचे हात सोडले.

"तू कापलंस?"

"मीच कापलं."

त्याने दोन्ही तळवे त्या लोकरीवर पसरून ठेवले, एक वर, एक खाली. तिने पाहिलं, तो या वेळी कडेपासून दुसऱ्यांदा सुरुवात करत नव्हता.

"मग असेल," तो म्हणाला.